मागच्या सीटचं वजन

सायकल बरोबर न्यायचीच, हा हट्ट मैथिलीचा. विनयने पुष्कळ समजावून पाहिलं. त्या बेटावर भाड्याने सायकली मिळतात. विमानात सायकल टाकायची म्हणजे चाकं काढा, टायरची हवा सोडा, सगळं पिशवीत कोंबा, आणि ते धूड स्टेशनच्या जिन्यांवरून वाहून न्या. आणि हा सगळा खटाटोप चार दिवसांच्या सुट्टीसाठी. मैथिलीचं म्हणणं एकच होतं. भाड्याच्या सायकलीला मागे पोराची सीट असलीच, तरी तिचा पट्टा कुणी ओढून बघितलेला असतो?

"सायकल नेतेयस की रुखवत?" विनय म्हणाला. पण म्हणता म्हणता पाना घेऊन खाली बसला.

जपानमध्ये, ग्योतोकुला राहायला आल्यापासून ती सायकल म्हणजे मैथिलीचा तिसरा पाय झाली होती. ईश्वरीला बालवाडीत सोडायचं, भाजी आणायची, दवाखाना गाठायचा, सगळं तिच्यावरून. मागच्या सीटवर ईश्वरी बसली की सायकल किती दबते, वळताना कुठे ओढते, पोर पेंगायला लागली की हँडल कसं हलकंसं डुलतं, हे तिच्या मांड्यांना आणि मनगटांना पाठ होतं. मागे वळून बघायची गरज नव्हती. तरी ती बघायची. प्रत्येक सिग्नलला एकदा, प्रत्येक वळणावर एकदा. कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेली बाई ती. अपघात किती क्वचित होतात हे तिला माहीत होतं, आणि क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे, हेही.

त्या हिवाळ्यात ईश्वरीचा खोकला हटत नव्हता. नदीवरून येणारा कोरडा वारा कानात सुईसारखा शिरायचा. पोरीला जरा ऊन मिळेल म्हणून त्यांनी दक्षिणेचं बेट धरलं. पुण्याहून सासूबाईंनी, कल्पनाताईंनी, फोनवर विचारलं, "परदेशात राहून आणखी कुठल्या परदेशात चाललात गं?" मैथिलीने सांगितलं, जपानच आहे, पण तिथे जानेवारीतसुद्धा स्वेटर लागत नाही. "मग आधीच तिथे का नाही राहायला गेलात?" यावर विनय इतका हसला की पाना हातातून पडला.

इशिगाकी बंदरातून छोट्या फेरीबोटीने ते बेटावर उतरले, तेव्हा हवा खरंच कोमट होती. पोवळ्याच्या दगडांच्या बुटक्या भिंती, पांढऱ्या वाळूचे रस्ते, आणि गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना ऊस. तोडणी सुरू झालेली. साखरेच्या लहानशा कारखान्यातून उकळत्या रसाचा वास गावभर पसरलेला. मैथिली मिरजेकडची. धक्क्यावर उभी राहून तिने तो वास छातीभर घेतला आणि म्हणाली, "अरे, हे तर आमचं गुऱ्हाळ."

त्या वासानेच ती सैल पडली असावी. पुढे तिने पुष्कळदा तसं मनाशी म्हटलं.

उतरण्याचं घर मियारा-सान नावाच्या बाईंचं होतं. साठीच्या, नाहा शहरातल्या बँकेत नोकरी करून गावी परतलेल्या, बोलक्या. विनयने त्यांच्या अंगणात सायकल जोडली, स्वतःसाठी त्यांचीच एक जुनी सायकल मागून घेतली. मैथिलीने सीटचा पट्टा ओढून पाहिला, ईश्वरीचं हेल्मेट बसवलं, आणि तिघं निघाली. ईश्वरी मागे बसून गात होती. मराठीत विचारलं तरी उत्तर नेहमीसारखं जपानीत; घाबरली की मात्र मराठीत. खोकला पहिल्याच दिवशी कमी झाला.

पडणं झालं ते दुसऱ्या दिवशी, उतरत्या उन्हात. कारखान्याकडे जाणारा ट्रक समोरून आला, मैथिलीने सायकल कडेला घेतली, आणि वळणावर साचलेल्या वाळूत पुढचं चाक घसरलं. विशेष काही झालं नाही. सायकल एका कुशीवर आडवी झाली. सीट पक्की, पट्टा पक्का, हेल्मेट डोक्यावर. ईश्वरीच्या कोपराला जेमतेम खरचटलं. ट्रकवाला खाली उतरून पुन्हा पुन्हा वाकून माफी मागत होता, मैथिलीही उलट वाकत होती, विनय चाक तपासत होता.

ईश्वरी रडली नाही. एवढीच गोष्ट मैथिलीला खटकली. पोर उसाकडे बघत उभी होती, बालवाडीच्या फाटकाशी आईची वाट बघत उभी राहायची तशी.

परतीच्या वाटेवर एक चढ होता. सकाळी परतताना मैथिली तो उभी राहून पेडल मारत चढली होती. आता सायकल बसल्या बसल्या वर गेली. तिने मागे पाहिलं. ईश्वरी होती, पट्टा बांधलेला, हात मांडीवर. पुन्हा पुढे बघितलं, तर सायकल रिकामी असावी तशी पळत होती. तिने थांबून ईश्वरीला उतरवलं, मोकळी सायकल थोडी चालवून पाहिली. फरक नव्हता.

"वारा पाठीमागून आहे," विनय म्हणाला.

वारा समोरून होता. गालावर लागत होता.

त्या रात्री ईश्वरी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ताप नव्हता, दुखत काही नव्हतं. विचारलं की मान हलवायची. समुद्रावर नेलं तर जिथे बसवलं तिथेच बसून राहिली, आणि उठली तेव्हा वाळूत बसल्याची खूण अगदी पुसट होती. विनयने डॉक्टरला फोन केला. त्यांनी सांगितलं, डोक्याला मार नाही ना, मग दचकली असेल, होईल ठीक.

मियारा-सान दुपारी पोरीसमोर उकिडव्या बसल्या, तिचे हात हातात घेतले, आणि मैथिलीकडे बघून जरा संकोचाने हसल्या. म्हणाल्या, तुम्ही शिकलेली माणसं, हसाल. आमच्याकडे जिवाला माबुई म्हणतात. लेकरू दचकलं की त्याचा माबुई तिथेच सांडतो. आईबाप घाबरून नुसतं अंग उचलून घरी आणतात. मागे राहिलेला तिथेच बसून वाट बघतो. आईने संध्याकाळी तिथे जायचं, लेकराचा कपडा घेऊन. त्याचं नाव घेऊन हाक मारायची, चल म्हणायचं, आणि वाटेत मागे न बघता घरी यायचं. सायकलवरून पडली, तर सायकलच घेऊन जा.

विनयला हे बायकांचं काहीतरी वाटलं. मैथिलीला तितकंसं वाटलं नाही. तिच्या माहेरी लेकरू किरकिरलं की मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकत. चुलीच्या जागी शेगडी आली तरी ते थांबलं नव्हतं. तिने ईश्वरीचा पिवळा फ्रॉक घेतला आणि निघाली.

वळणावर पोचली तेव्हा सूर्य समुद्राला टेकला होता. ट्रक बंद झाले होते. कारखान्याचा वास तेवढा हवेत होता, गोड, थोडा करपट. तिने सायकल स्टँडवर लावली, मागच्या सीटवर फ्रॉक ठेवला, उसाकडे तोंड केलं.

आणि नाव तिच्या तोंडून निघेना.

तिला लहानपणापासून बजावलेलं होतं, तिन्हीसांजेला, परक्या वाटेवर, पोराचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही. कुणाच्या कानावर पडेल सांगता येत नाही. एकदा नाव कळलं की ते धरून बसतात. माहेरी अंधार पडताना अंगणातून आत बोलवायचं तर "चला रे पोरांनो" म्हणत, नाव घेत नसत. एवढं शिकून, एवढ्या लांब येऊन, तिला ते आठवलं. आठवलं कसलं, जिभेनेच ते ऐकलं.

तिने हाक मारली, "बाळा, चल गं. घरी चल."

उसात काही नव्हतं.

"ये गं बाळा. आई आलीय."

मग पाती वाजली. वारा पडलेला होता, तरी वाजली. मध्यभागातून कडेकडे, सरळ रेषेत, लगबगीने.

कडेला येऊन थांबली.

सायकलचा स्टँड करकरला. मागचं टायर वाळूत थोडं रुतलं.

मैथिलीने सीटकडे बघितलं नाही. हँडल धरलं, स्टँड काढला, चढली. वजन होतं. पोटऱ्यांना ते कळलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिळाली, ती मनात म्हणाली, मिळाली माझी.

जरा पुढे गेल्यावर तिला वाटलं, वजन थोडं जास्तच आहे. आणि सायकल ईश्वरी ओढते त्या बाजूला ओढत नाहीये.

त्याच वेळी मागून, बरंच मागून, वळणाच्या तिकडून हाक आली.

"आई."

सीट तर भरलेली होती.

मागे बघायचं नाही असं सांगितलेलं होतं. तिने बघितलं नाही. ती पेडल मारत राहिली.

अंगणात शिरली तर ईश्वरी ओट्यावर उभी. धावत येऊन तिने मैथिलीच्या कमरेला मिठी मारली आणि खायला मागितलं. भात, मासळी, पापडासारख्या कुरकुरीत केलेल्या समुद्रशेवाळाच्या चकत्या, समोर आलं ते सगळं खाल्लं. विनयने भुवई उंचावून बायकोकडे पाहिलं. मियारा-सान टाळ्या वाजवत होत्या. मैथिली हसली. ती हाक म्हणजे कुठला तरी पक्षी, असं तिने ठरवून टाकलं होतं.

निघायच्या दिवशी मियारा-सान धक्क्यावर पोचवायला आल्या. सायकलची पिशवी फेरीवर चढली होती, विनय आतून हात करत होता, माणूस दोर सोडायला वाकला होता. तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "नावानेच हाक मारलीत ना, मैथिली-सान? त्या वळणावर एकटी तीच असेल असं नसतं. आमची कितीतरी लेकरं पूर्वीपासून तिथे पडलीत."

ईश्वरीचा हात तिच्या हातात होता. उबदार, घट्ट.

"हो," मैथिली म्हणाली, आणि वाकून आभार मानले.

तो एक क्षण होता. दोर अजून सुटला नव्हता. बॅगा उतरवता आल्या असत्या, विनयच्या शिव्या खाता आल्या असत्या, संध्याकाळपर्यंत थांबून घसा फोडून नावाने हाका मारता आल्या असत्या. पुढे ग्योतोकुच्या स्वयंपाकघरात उभी राहून ती तो दोर मनात पुन्हा पुन्हा बांधून ठेवत असे.

घरी सगळं छान होतं. बालवाडीच्या बाईंनी कळवलं की ईश्वरी फार शहाणी झालीय, फक्त हजेरी घेताना नावाला ओ देत नाही. विनय म्हणाला, सुट्टी मानवली पोरीला, तू का सुतकी चेहरा करून बसतेस? दवाखान्यातल्या काट्यावर वजन पूर्वीइतकंच भरलं. पण स्टेशनसमोरच्या सपाट रस्त्यावर तिला सायकल ओढवत नव्हती, पोटऱ्यांना गोळे यायचे. "ईश्वरी" म्हटलं तर पोर वळायची नाही. "बाळा" म्हटलं की हातातलं टाकून यायची, समोर उभी राहायची, आणि आता आणखी काय करू, अशी बघत राहायची. फार लाघवी बघायची. मैथिली तिला जवळ घ्यायची. न घेऊन कसं चालेल? पोरच ती. कुणाची तरी.

रविवारी सकाळी मियारा-सानचा फोन आला. विनय बाहेर गेला होता. ईश्वरी टेबलाशी बसून दूध पीत होती. मियारा-सान इकडचं तिकडचं बोलल्या, थंडी विचारली. मग म्हणाल्या, तो वळणावरचा ऊस तोडून झाला, आता तिथे नुसती जमीन आहे, लपायला गवतसुद्धा नाही. तरी तिन्हीसांजेला तिथून एका लेकराचा आवाज येतो. शेजारणींनीही ऐकलाय. शब्द आमच्याकडचे नाहीत. ऐकून ऐकून मला पाठ झालेत, तुमच्या भाषेतले आहेत का तेवढं सांगाल?

आणि त्या वयस्क बाईने, एकेक अक्षर सांभाळून, कुठे चुकू नये अशा बेताने म्हटलं, "आई, थांब ना. आई, थांब ना."

मैथिलीने टेबलाचा कोपरा धरला.

"याचा अर्थ काय होतो, मैथिली-सान? तिला मी काय सांगू?"

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दुधाचा पेला रिकामा करून पोर उठली होती. ती शांतपणे बाहेरच्या दाराशी गेली, टाचा उंचावल्या, हात लांब केला, आणि आतून साखळी लावली.