ढेपी उठली नाही

लाईट यायला अजून तासभर तरी जाईल. खाली रस्ता खणून केबल शोधतायत. गॅलरीतच बसा, आत उकडतंय. आणि हर्षद, तो टॉर्च बंद कर बघू, बॅटरी सकाळी लागेल.

गोष्ट सांगतो. खरी. जिच्यावर गुदरली तिला मी चांगला ओळखतो. आमच्या समोरच्या दारात राहते. मांजर आहे.

हसून घ्या आधी.

ऋतिका, तू आता विचारणार, मामाआजोबा, मांजराच्या मनातलं तुम्हाला कसं कळलं? अगं, रिटायर झाल्यापासून सहा वर्षं मी या गॅलरीतून तिला बघतोय आणि ती तिच्या घरातून मला. एवढ्या ओळखीवर माणसं लग्नं करतात. उरलेलं मला नलिनीताईंनी सांगितलं. नलिनी परब. त्या घरात त्या दोघीच राहतात, त्या आणि ढेपी. गुळाच्या रंगाची आणि बसली की अगदी गुळाची ढेप, म्हणून ढेपी.

तर २०२३ साल. डिसेंबरची बारा तारीख, मंगळवार. अमावास्या होती. संध्याकाळी सहाच्या सुमाराला नलिनीताई पिशवी घेऊन मासळीबाजारात उतरल्या, मांदेली आणायला. त्यांचा मंगळवार असायचा, त्या स्वतः खायच्या नाहीत. पण ढेपीचा मंगळवार नसायचा.

ढेपी खिडकीत बसून वाट बघत होती. तिचा दिवस ठरलेला असे. सकाळी दुधाची पिशवी आली की नलिनीताईंच्या पायात पायात. मग ऊन गॅलरीच्या तिसऱ्या लादीवर यायचं, तिथे झोप. ऊन पाचव्या लादीवर सरकलं की हीसुद्धा पाचव्या लादीवर. दुपारी एसीच्या डब्यावरच्या कबुतरांना शिव्या. कबुतर हे अत्यंत मूर्ख जनावर आहे आणि माणूस हे दार उघडणारं जनावर आहे, असं तिचं मत. तिच्या हिशेबात घर तिचं होतं. नलिनीताई तिथे राहायच्या, कारण ढेपीला त्यांची सवय झाली होती.

एकाच माणसाला हे मान्य नव्हतं. मार्तंड परब. नलिनीताईंचे यजमान.

माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसाबद्दल तर नाहीच. पण त्या घरात मोठ्याने हसायचं नाही, त्यांच्याआधी जेवायचं नाही आणि खिडकीजवळच्या त्यांच्या वेताच्या आरामखुर्चीत कोणी बसायचं नाही. बायकोनेसुद्धा नाही. नलिनीताई आल्यागेल्यासमोर बुटक्या मोड्यावर बसायच्या. ढेपीला तर हॉलमध्येच बंदी. तिने गॅलरीतच राहायचं. आत पाऊल टाकलं की गुंडाळलेला पेपर पाठीत.

आणि एक. मार्तंडरावांना रोज रात्री पावणेदोनला जाग यायची. उठायचे, त्या खुर्चीत येऊन बसायचे आणि एकदा खाकरायचे. एकदाच. की नलिनीताई उठून पाण्याचा तांब्या-भांडं आणून द्यायच्या. चौतीस वर्षं. ताप असला तरी. अक्षताच्या, म्हणजे मुलीच्या, बाळंतपणात दोन रात्रींचं जागरण झालेलं, तरीही.

त्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या चार दिवस आधी, ते गेले. हार्ट. तेरावं झालं, पाहुणे पांगले, अक्षता बोरिवलीला सासरी परत गेली. दुपारी नलिनीताई भांडी घासून बाहेर येतात तर काय, ढेपी आरामखुर्चीत. मधोमध. चारही पाय पोटाखाली.

"उठ गो बाये!" नलिनीताई हबकल्याच. "ते वरडतीत!"

ढेपीने एक डोळा उघडला. कोण ओरडेल? तिचं सगळं घर हुंगून झालं होतं. बाथरूम, पलंगाखाली, चपलांचा स्टँड. तो माणूस कुठेच नव्हता. खुर्चीत तेवढा त्याच्या तपकिरीचा वास होता, तोही जुना. खुर्ची रिकामी होती. रिकामी खुर्ची कोणाची? जी बसेल तिची. तिने डोळा मिटून घेतला.

त्याच रात्री सुरू झालं.

पावणेदोन. हॉलमध्ये कोणीतरी खाकरलं. एकदाच.

नलिनीताई झोपेतच उठल्या. पाय आपोआप स्वयंपाकघराकडे. तांब्या भरला, हॉलमध्ये आल्या आणि मग त्यांना आठवलं की माणूस गेलाय. पण हात थांबेनात. त्यांनी ढेपीला उचलून खाली ठेवलं, तांब्या-भांडं मोड्यावर ठेवलं, आत जाऊन पांघरूण डोक्यावरून घेतलं. सकाळी बघतात तो भांड्यातलं पाणी अर्धं.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. महिना सव्वा महिना हे चाललं. बाई वाळली रे. डोळ्याखाली ही काळी वर्तुळं. एकदा जिन्यात चक्कर येऊन पडल्या, मीच हात धरून वर आणलं. म्हटलं, डॉक्टरकडे चला. म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टर काय करतलो? माझी झोप अजून त्यांच्याच ताब्यात आसा." मला तेव्हा अर्थ लागला नाही. अक्षता म्हणत होती, घर विकून टाक, माझ्याकडे ये. त्याही तयार झाल्या होत्या. बुधवारी सकाळी तेरा तारखेला एजंट घर बघायला येणार होता.

आणि ढेपी? ढेपीचा संताप होत होता. भीती नाही, संताप. उबदार जागेवरून, ऐन झोपेत, रोज उचलून लादीवर! तेही कोणासाठी? ती लादीवरून बघत राहायची. खुर्चीचा वेत हळूच खाली दबायचा. तपकिरीचा वास यायचा. ताजा. तिला कळत होतं कोण आहे ते. पण हा माणूस आता काही खात नव्हता, दार उघडत नव्हता, त्याला ऊबसुद्धा नव्हती. मग त्याला खुर्ची कशाला?

तर ती मंगळवारची रात्र. ढेपी मांदेली खाऊन, मिशा पुसून खुर्चीत झोपली होती. मी दीडला पाणी प्यायला उठलो तेव्हा बाहेर पान हलत नव्हतं. खालची कुत्री गप्प. रोज भुंकून जीव खातात ती.

पावणेदोन.

खाकरलं.

नलिनीताई उठल्या. तांब्या भरला. हॉलमध्ये आल्या. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खिडकीतून खुर्चीवर पडला होता. त्यांनी तांब्या-भांडं मोड्यावर ठेवलं आणि ढेपीला उचलायला वाकल्या.

ढेपी उचलली जाईना.

तिने वेतात नखं रुतवली होती. अठराच्या अठरा म्हणा ना.

"सोड गो," नलिनीताई कुजबुजल्या. "सोड. ते इले..."

ढेपीने सोडलं नाही.

आतल्या खोलीच्या दारापासून पावलं आली. एक. मग दुसरं. सावकाश, सवयीचं चालणं. नलिनीताई मागे सरकल्या, भिंतीला टेकल्या. दिसत काहीच नव्हतं. फक्त पावलं. हॉलच्या मध्यापर्यंत आली. खुर्चीपाशी आली.

थांबली.

तपकीर. दोघींच्या नाकात.

परत खाकरलं. दुसऱ्यांदा. चौतीस वर्षांत दुसऱ्यांदा खाकरावं लागलं नव्हतं.

ढेपी उठली नाही. कान मागे गेले. शेपूट फुलून दुप्पट झाली. घशातून एक आवाज निघाला, बारीक, लांब... मी माझ्या पलंगावर ऐकला तो. उठून बसलो मी.

मग तिच्या पाठीवर वजन आलं.

थंड. बर्फाच्या लादीसारखं. ते दाबत गेलं... दाबत गेलं... तिचं पोट वेताला चिकटलं. श्वास अर्धा झाला. नलिनीताईंना दिसत होतं, मांजर चपटं होत चाललंय आणि वर कोणीही नाही. गुरगुर बारीक झाली. मग थांबली.

पण नखं सुटली नाहीत. ढेपीने मान वर केली आणि सरळ वर बघितलं. जिथे तोंड असेल तिथे.

घरात कसलाच आवाज नाही. घड्याळसुद्धा...

"हात काढा."

कोण बोललं हे आधी नलिनीताईंनाच कळलं नाही. मग पुन्हा बोलल्या. या वेळी मोठ्याने.

"हात काढा म्हणतंय ना! तिका हात लावू नकात. ती उठाची नाय."

काहीच नाही. ढेपीची पाठ तशीच दबलेली.

नलिनीताई भिंत सोडून पुढे आल्या. मोड्यावरचं भांडं उचललं. आणि त्यांच्यासमोर उभं राहून ते पाणी स्वतः प्यायल्या. घटाघटा. शेवटच्या थेंबापर्यंत. भांडं मोड्यावर आपटलं.

"उद्यापासून पाणी नाय. काय नाय. जावा आता."

किती वेळ गेला, त्यांना सांगता येत नाही. ढेपीची पाठ हळूहळू वर आली. श्वास भरला. पावलं मागे वळली नाहीत, दार वाजलं नाही. फक्त वास विरत गेला... विरला. आणि खाली एक कुत्रं भुंकलं. मग सगळीच भुंकायला लागली.

सकाळी साडेआठ झाले तरी त्यांची दुधाची पिशवी दारालाच लटकत होती. मी तसाच समोर गेलो. बेल मारली, दार ठोठावलं. पाचेक मिनिटांनी नलिनीताईंनी दार उघडलं. केस विस्कटलेले, गालावर वेताची नक्षी उमटलेली.

"झोप लागली हो भाऊ," म्हणाल्या. "त्यांच्या खुर्चीतच. या, चाय घेवा."

दहा वाजता एजंट आला. त्याला त्यांनी दारातूनच सांगितलं, घर विकायचं नाही. तो म्हणाला, काकी, पार्टी तयार आहे, भाव चांगला आहे. तर म्हणाल्या, "पार्टीला सांग, या घरात आधीच दोघीजणी ऱ्हवतत." आणि दार लावून घेतलं. त्यानंतर त्या घरात कोणी खाकरलं नाही. मी खात्रीने सांगतो, कारण बरेच दिवस मी पावणेदोनला मुद्दाम जागा राहत होतो.

पण त्या सकाळी चहा पिताना ढेपी माझ्यासमोर येऊन बसली, पाठ करून. आणि माझी कपबशी हातात तशीच राहिली.

गुळाच्या रंगाच्या त्या पाठीवर पांढरे पट्टे उमटले होते. आदल्या संध्याकाळपर्यंत एकही पांढरा केस नव्हता. चार पट्टे एका बाजूला, लांब. पाचवा दुसऱ्या बाजूला, आखूड आणि जाड.

जनावरांच्या डॉक्टरला दाखवली. तो म्हणाला, भीतीने होतं कधीकधी. मी म्हटलं, डॉक्टर, ही घाबरली नव्हती. उन्हाळ्यात तिचे केस गळले, नवे आले. तेही तिथे पांढरेच आले.

उद्या नेतो तुम्हाला तिच्याकडे. खुर्चीतच असेल. लाड करा, चावत नाही. फक्त त्या पट्ट्यांवर बोटं ठेवू नका. मी एकदा ठेवली होती. उन्हात झोपली होती, बाकी सगळं अंग भाकरीसारखं गरम...

तेवढ्या पाच जागा गार.