अनामिकेचे माप

पहिल्याच भेटीत शायमाने कैफचा हात हातात घेतला, आणि त्यात प्रेमाचा काडीइतकाही संबंध नव्हता. तो तिच्या कामाचा भाग होता.

नेरूळजवळ, शिरवण्याच्या औद्योगिक वसाहतीत तिच्या वडिलांचा, इसाकभाईंचा, लेथचा गाळा होता. शहाण्णव साली वाशीला बोलिंगचे दालन उघडले. तिथल्या जड चेंडूंना खेळणाऱ्याच्या बोटांप्रमाणे तीन छेद पाडून देणारे आसपास कोणी नव्हते, म्हणून ते काम या गाळ्यात आले. इसाकभाईंची नजर मोतीबिंदूने अधू झालेली. त्यामुळे मापे शायमा घेई, आणि पुढे ड्रिलही तीच चालवू लागली. मापासाठी वडिलांनी पितळेच्या लहानमोठ्या कड्या कातून तारेत ओवून ठेवल्या होत्या. अंगठा, मधले बोट, अनामिका – जी कडी सैलही नाही आणि घट्टही नाही, तिचा क्रमांक मापपत्रावर लिहायचा, खाली गिऱ्हाइकाची सही घ्यायची. सही झाली की काम पक्के. एवढा एकच कायदा त्या गाळ्यात चाले. पण तो चाले.

कैफ आला होता स्कूटरचा बुश कातून घ्यायला. फळीवरचे चेंडू त्याने पाहिले, चेंडू पुसणारी मुलगी पाहिली, आणि बुश विसरला.

"माझ्याकडे पण एक आहे. निळा. मामूंनी बहरीनहून आणलाय."

"मग हात पुढे करा."

तिने अकरा नंबरची कडी त्याच्या अनामिकेत सरकवली. कापलेल्या लोखंडाचा गरम वास हवेत होता, आणि त्याच्या मनगटाला अत्तराचा. तो कडीकडे पाहत राहिला... मग तिच्याकडे.

"आमच्यात अंगठी मुलाची आई घालते, मुलीला. तुमी तर उलटंच चालवलंय."

"ही पितळेची आहे," शायमा म्हणाली, "आणि परत करायची असते."

त्याने सही केली. चेंडू मात्र आला नाही. आठ दिवसांनी कैफ स्वतःच आला – बोट सुजल्यासारखे वाटते, माप पुन्हा घ्यावे म्हणून. तिसऱ्यांदा म्हणाला की थंडीत बोटे आक्रसतात. नेरूळच्या थंडीवर असा विश्वास ठेवणारा तो पहिलाच माणूस असावा. तिन्ही वेळा कडी अकराच बसली, तिन्ही वेळा त्याने झोकदार सही केली, आणि तिसऱ्या वेळी शायमाने कडी काढायला जरा अधिक वेळ लावला.

पुढे चेंडू आला, पण खोक्यात. छेदासाठी नव्हे, ठेवायला. कैफचे घर तळमजल्यावर, भिंतींना ओल. तो चेंडू कंपनीने बनवणे बंद केले होते आणि अमेरिकेत अशा चेंडूंचे शौकीन असतात, असे त्याने कुठल्याशा मासिकात वाचले होते. अट एकच: खोके शाबूत हवे, आणि चेंडूला एकही छेद नको. हा विकला गेला की अम्मीला तुझ्या घरी पाठवतो, असे तो म्हणाला. तेव्हापासून ते खोके कोपऱ्यातल्या कपाटात राहिले, आणि शायमा दर शुक्रवारी त्यावरची धूळ पुसू लागली.

एकदा तिने दालनाच्या मॅनेजरला त्या चेंडूची किंमत विचारली. तो मोकळेपणाने हसला. कंपन्या दरवर्षीच जुने मॉडेल बंद करतात. जे बनायचे थांबते ते सगळे दुर्मीळ होत नाही, त्यातले बहुतेक नुसते नकोसे झालेले असते. शायमाने हे कैफला सांगितले नाही. प्रेमात माणूस दुसऱ्याचा मूर्खपणा असा जपतो, जणू तो आपल्याच घरचा दागिना.

दीड वर्ष गेले. चेंडू विकला गेला नाही. अखेर इसाकभाईंनीच निरोप धाडला, आणि कैफची आई शमसुन्निसा मिठाई घेऊन आली. पर्समध्ये अंगठीची डबीही होती. सगळे गोड चालले असता इसाकभाईंनी, लपवणे ठाऊक नसल्याने, सांगून टाकले: एकोणिसाव्या वर्षी शायमाची मंगनी म्हसळ्याला झाली होती, मुलगा कुवेतला गेला आणि पत्राने मोडून मोकळा झाला. शमसुन्निसाने कप खाली ठेवला. उघडलेली डबी मिटल्याचा आवाज अगदी लहान होता, पण तो घरभर ऐकू आला.

दोन दिवसांनी कैफ गाळ्यावर आला.

"अम्मीचं म्हणणं... एकदा दुसऱ्याच्या नावाची अंगठी घातलेली..."

"आणि तुमचं?"

"माझं काय... तू समजूतदार आहेस, शायमा. तुला तर माहीत आहे. एकदा बॉक्स उघडला, की मग—"

तो थांबला, पण उशिरा. उरलेले वाक्य कपाटाकडे गेलेल्या त्याच्या नजरेने पुरे केले.

शायमा रडली नाही. चेंडू आता घरी नेतो, असे तो पुटपुटला तेव्हा तिने इतकेच सांगितले: "शनिवारी या. तयार ठेवते."

शुक्रवारी तिने धूळ पुसली नाही. फाइलीतून तिन्ही मापपत्रे काढली, चेंडू शिकंज्यात बसवला आणि ड्रिल सुरू केले. निळा चुरा तिच्या मनगटांवर साचत गेला. खुर्चीतून इसाकभाईंनी आवाजावरून ओळखून विचारले, कोणाचे काम?

"जुनी ऑर्डर आहे, अब्बा. गिऱ्हाइकाने तीनदा सही केलीय."

शनिवारी कैफने खोके उघडले आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे... काय केलंस तू?"

तिने तिन्ही मापपत्रे त्याच्यासमोर ओळीने मांडली. "ही तुमचीच सही ना?"

"ती तर... ती मी कशासाठी करत होतो, तुला माहीत होतं."

"होतं," शायमा म्हणाली. "मला वाटलं, तुमालाही माहीत होतं."

मग, जसे जखमेवर आपोआप बोट जाते तशी, त्याची बोटे छेदांत गेली. सैलही नाही, घट्टही नाही. चौदा पौंडांचे ते निळे ओझे त्याच्या हाताला असे बसले, जणू हातासोबतच जन्मले होते. जगात त्या एका हाताखेरीज आता ते कोणाच्याही उपयोगाचे नव्हते.

त्याने वर पाहिले. शायमाची पाठ त्याच्याकडे होती. अकरा नंबरची कडी तिने फडक्याने पुसली आणि इतर कड्यांच्या ओळीत, तारेत ओवून ठेवली.