काही त्रास नाही

"आम्ही असं बोललोच नाही," मासेवाली मावशी चौथ्यांदा म्हणाली.

दाजींनी कपाळाला हात लावला. खासगी गुप्तहेराला माणसं छळतात हे ठीक, पण या सभागृहाचा पंखा त्यांच्यावर ताण करत होता. सारखा किंचाळत होता मेला.

"बंद कर रे तो."

त्यांचा मेव्हणा हात हलवत परतला. "बटण तुटलंय दाजी. महिना झाला, रात्रंदिवस असाच फिरतोय म्हणे."

परदेशी कंपनीला खाडीकाठ हवा होता. त्यामुळे तिथल्या लोकांच्या हक्कांवर गदा येते का, हे तपासणाऱ्या तज्ज्ञबाई आज अहवालावर सही करणार होत्या. सही झाली की काठाला कुंपण, आणि मावशीची होडी कायमची कोरडी. गेल्या आठवड्यात याच सभागृहात झालेली गावकऱ्यांची सभा बाईंनी पाहिलीच नव्हती. त्यांच्या हाती होतं फक्त ध्वनिमुद्रण.

त्यांनी ते मोठ्या आवाजात लावलं. दुभाष्याचा प्रश्न आला, "कंपनीमुळे काही त्रास?" मागे तेच किंचाळणं. मग मावशीचा स्वच्छ आवाज, "नाही हो, काही त्रास नाही."

"आवाज माझाच," मावशी रडकुंडीला आली. "पण सभेत मी तासभर भांडले."

"विसरल्या असतील," मेव्हणा पुटपुटला.

दुभाषी म्हणाला, "सभेच्या दिवशी मी सकाळपासून इथेच खुर्च्या मांडत होतो. सभेचं ध्वनिमुद्रण करून कंपनीला दिलं."

कंपनीचे जनसंपर्क अधिकारी हसले. "समाधानी लोक आहेत हो. सभेला येताना या मावशी आमच्या बसच्या पायरीवर अडखळल्या, तरी हसतच उतरल्या."

"तुम्ही सभेला कधी आलात?" दाजींनी त्यांना विचारलं.

"अगदी शेवटी. सगळे केव्हाचे बसले होते."

दाजींनी सुस्कारा सोडला. "बाई, हा पंखा प्रश्नात ओरडतो आणि उत्तरात गप्प बसतो. म्हणजे उत्तर या खोलीतलं नाहीच."

"मग कुठलं?" मेव्हण्याने विचारलं.

"बसच्या दारातलं, शहाण्या. मावशी, अडखळल्यावर कोणी काही विचारलं?"

"विचारलं ना. त्रास झाला का, म्हणून. उन्हात तोंड दिसलं नाही. हातात फोन होता." मावशी थांबली. "अगं बाई."

"साहेब शेवटी आले म्हणतात. मग पायरी त्यांना कशी दिसली? तिथलं उत्तर त्यांनी इथल्या प्रश्नाला चिकटवलं."

अधिकाऱ्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला.

तज्ज्ञबाईंनी पेनाला टोपण लावलं. "मावशी, आता मीच विचारते. काही त्रास?"

मावशीने खुर्ची पुढे ओढली. "तुम्हाला घाई नाही ना?"