डाव्या हाताची झीज

मंगळवारी सकाळी टेम्पो दाराशी थांबला, तेव्हा मी दुकानाची काच पुसत होते आणि नवरा माझ्या सायकलच्या साखळीला तेल देत होता. टेम्पोतून एक टेबल, दोन खुर्च्या आणि त्यांच्या मागोमाग एक बाई उतरल्या. माझ्याच वयाच्या, नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या. नवरा हाताचं तेल धुवायला म्हणून आत गेला. टेबल मी आणि टेम्पोवाल्याने मिळून उतरवलं.

“लग्नात घेतलेलं आहे,” बाई म्हणाल्या. “एकोणीस वर्षं झाली. नुसतं पॉलिश नवीन करा, बाकी काही बदलू नका.”

आमच्या लग्नालाही एकोणीसच वर्षं झाली होती. तसं मी म्हटलं, त्या हसल्या, पत्ता लिहून दिला आणि गेल्या. टेम्पो वळणाआड गेल्यावर नवरा बाहेर आला. हात धुवायला त्याला पाऊण तास लागला होता, आणि काळं तेल अजून नखांत होतंच.

आम्ही जुनं फर्निचर दुरुस्त करतो. खाली दुकान, वर घर. जेवतो एकत्र, काम एकत्र, भांडणही कामाच्या वेळातच उरकतो. माझी नणंद येते तेव्हा हमखास विचारते, “वहिनी, तुम्ही दोघं चोवीस तास एकमेकांचं तोंड बघून कंटाळत कसे नाही?” मी म्हणते, “मशीनच्या आवाजात एकमेकांचं काही ऐकू येत नाही, म्हणून टिकलंय.” रविवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी सायकली काढायच्या, कालव्याच्या कडेने चौदा किलोमीटरवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत फिरायचं. टाकीच्या पुढचा रस्ता उखडलेला आहे, असं तो म्हणतो. तो पुढे, मी मागे, हे पहिल्या रविवारपासून ठरलेलं. तो कधीही वळून बघत नाही. सुरुवातीला मला याचा राग यायचा. मग मी समजूत करून घेतली की मी मागे आहे याची त्याला खात्रीच असते, त्यामुळे बघायची गरज पडत नाही. आठ वर्षांपूर्वी तो सायकलवरून पडला तेव्हापासून त्याचा डावा गुडघा पुरता वाकत नाही आणि पॅडल मारताना डावी टाच बाहेरच्या बाजूला फेकली जाते. त्या टाचेकडे बघत मी हजारो किलोमीटर गेले आहे.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. कुठलीही वस्तू आली की पॉलिशपेपर लावायच्या आधी दोघांनी ती वाचायची. वाचायची म्हणजे झीज बघायची. माणूस कुठे बसला, कोणत्या हाताने टेकला, पाय कुठे ठेवला, हे सगळं लाकडात उतरलेलं असतं. मी सरळ पट्टी आडवी ठेवून खालची फट मोजते आणि वहीत लिहिते, तो नुसता तळवा फिरवून सांगतो. मग दोघांनी मालकाबद्दल अंदाज करायचा. ज्याचा चुकेल त्याने त्या आठवड्यात ब्रश धुवायचे. एकदा पेपर फिरला की सगळं पुसलं जातं, म्हणून दोघांचं वाचून झाल्याशिवाय पेपरला कुणी हात लावत नाही. एकोणीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता.

“चल, वाचू या,” मी म्हटलं.

“आज नको. तूच काय ते वाच.”

“हरायची भीती वाटते?”

तो हसला नाही. मागच्या खोलीत जाऊन त्याने दुसऱ्याच एका कपाटाचं दार काढून पुन्हा बसवायला घेतलं.

मी एकटीने सुरुवात केली. टेबलाच्या एका बाजूच्या कडेखाली बारीक बारीक भोकं होती, ओळीने, शेकड्यांनी. टाचण्यांची. म्हणजे ही बाईंची बाजू, आणि बाई शिवणकाम करतात. काम करता करता टाचणी कडेला खुपसून ठेवायची सवय. मी खुशीत वहीत लिहिलं.

मग समोरची खुर्ची घेतली. सागवानी, हात असलेली. हातांची टोकं पुढे गोल वळवलेली, बसणाऱ्याने मुठीत धरावीत अशी. डाव्या हाताच्या टोकाखाली चार बोटांनी चार खळगे केले होते. सगळ्यांत खोल खळगा तीन मिलिमीटर होता. असं व्हायला माणसाने वर्षानुवर्षं, रोज, तासन् तास बसावं लागतं. तर्जनीचा खळगा मला विचित्र वाटला. मी बॅटरी आडवी धरून पुन्हा पाहिला. त्यात दोन खळगे होते, एकात एक. एक लांब, पूर्ण बोटाचा, उथळ. दुसरा त्याच्यावर, आखूड आणि खोल. म्हणजे या माणसाची तर्जनी आधी पूर्ण होती आणि नंतर तिचं टोक गेलं. खोलीच्या प्रमाणात हिशोब केला तर पूर्ण बोटाची साधारण चार वर्षं आणि अर्ध्या बोटाची पंधरा.

माझ्या नवऱ्याच्या डाव्या तर्जनीचं टोक आमच्या लग्नाच्या चौथ्या वर्षी कटर मशीनमध्ये गेलं. ते टोक मी रुमालात गुंडाळून दवाखान्यात नेलं होतं.

मनात पाल चुकचुकली, पण मी स्वतःलाच दटावलं. बोट गमावलेली माणसं जगात काय कमी आहेत? सुतारकामात तर ढिगाने सापडतील. मग मी खाली वाकून टेबलाच्या पायांमधली आडवी पट्टी पाहिली. त्या माणसाच्या बाजूला उजव्या पायाची झीज मधोमध होती. डाव्या पायाची झीज बाहेरच्या अंगाला होती, टाच तिरकी फेकून ठेवल्यासारखी.

मी वही मिटली आणि वर जाऊन स्वयंपाकाला लागले. जेवायला हाक मारायला अर्ध्या तासाने खाली आले, तर तो त्या खुर्चीपाशी गुडघा लांब करून बसला होता आणि तिच्या डाव्या हातावर पेपर फिरवत होता. भराभर. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. चारही खळगे गेले होते. त्यांच्या जागी कोरं, पिवळट लाकूड दिसत होतं.

“अरे, तू पेपर लावलास?”

“तुझं वाचून झालं होतं ना.”

“तुझं कुठे झालं होतं?”

“त्यात काय वाचायचं? जुनी खुर्ची आहे,” तो म्हणाला, आणि उठून हात झटकत जेवायला वर गेला.

मला किती लागलं ते कसं सांगू? एखाद्याने पत्र वाचून फाडून टाकावं आणि वर म्हणावं की त्यात काही नव्हतंच. जेवताना मी त्याच्याकडे बघत होते. एकोणीस वर्षांत हा माणूस दवाखान्यातले सहा दिवस सोडले तर एक रात्रही घराबाहेर राहिलेला नाही. दिवसाचे तास मोजले, सुट्ट्या मोजल्या, बाजाराला जायचे अर्धे-अर्धे तास मोजले. कितीही ओढूनताणून बेरीज केली तरी तीन मिलिमीटर होत नव्हते. म्हणजे तो तिथे जात नव्हता, हे सिद्ध झालं होतं. तरीही मी पानातलं तसंच ठेवून उठले.

रविवारी तो म्हणाला, “गुडघा दुखतोय. आज राहू दे.”

“मग मी एकटी जाते.”

तो काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात त्याची बहीण आली. तिच्या मुलाला नोकरी लागली होती, तिला सगळं तपशीलवार सांगायचं होतं. त्या दोघांना बोलत सोडून मी सायकल काढली.

एकाच साखळीचा आवाज ऐकत जायची मला सवय नव्हती. पुढे पाठ नसल्यामुळे रस्ता फारच मोठा दिसत होता. टाकीपाशी पोचले, उतरले आणि खिशातला पत्ता पाहिला. बाईंचं घर टाकीच्या पुढे तीन किलोमीटरवर होतं.

पुढचा रस्ता उखडलेला नव्हता. गुळगुळीत डांबरी रस्ता होता, दोन्ही बाजूंना झाडं होती. इतक्या वर्षांत यापेक्षा चांगला रस्ता आम्हाला सायकल चालवायला मिळाला नव्हता. तिथे पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खुर्चीचं काहीही असो, रस्त्याबद्दल खोटं बोलायची त्याला काय गरज होती?

बाईंचं दार उघडंच होतं. त्या खिडकीपाशी मशीनवर बसल्या होत्या.

“टेबल झालं का?”

“होत आलंय. जागेचं माप घ्यायचं राहिलं होतं.”

“घ्या की.”

मी टेप काढली. खोलीच्या मधोमध टेबलाच्या पायांच्या चार खुणा होत्या. एका बाजूला फरशीवर तिरकी, घासून पांढुरकी झालेली पट्टी होती. टाचेची. आतल्या दारावर डाव्या बाजूला एक गुळगुळीत, चकाकणारा डाग होता. हाताला पॉलिश लागलेलं असलं की माझा नवरा मनगटाने दार ढकलतो. मी सहज जवळ गेल्यासारखं करून टेप लावली. जमिनीपासून एकशे बारा सेंटिमीटर. आमच्या दुकानाच्या मागच्या दारावर तसाच डाग आहे. त्याची उंची मला मोजायची गरज नव्हती, तो माझ्या बरगडीला लागतो. हाही लागला.

बाई एक पँट शिवत होत्या. पुरुषाची.

“छान शिवता,” मी म्हटलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

“ह्यांची आहे. डाव्या गुडघ्यात जरा सैल लागते त्यांना.”

माझ्या हातातली टेप सर्रकन गुंडाळली गेली.

“कुठे आहेत ते?”

“सायकलवर. रविवार ना आज.”

“एकटेच जातात?”

बाईंनी दोरा दाताने तोडला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही वाईट नव्हतं. मी कोण आहे हे त्यांना ठाऊक असतं, तर मी त्या चेहऱ्यावर ओळखलं असतं.

“मागून कुणीतरी येत असतं, म्हणतात,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून. नेहमीचंच झालंय आता. मी म्हटलं, कोण आहे बघा तरी एकदा वळून. तर म्हणतात, नको. बघितलं तर घरापर्यंत येईल.”

मी तिथून कशी निघाले ते मला आठवत नाही. परतीचे सतरा किलोमीटर मी एकदाही थांबले नाही.

दारात नणंद चपला घालत होती.

“तो कुठे गेला होता?” मी धापा टाकत विचारलं.

“कोण, दादा? कुठे जातोय! सकाळपासून माझ्यासमोर खुर्चीत बसलाय. तीनदा सांगितलं तेव्हा एकदा ‘हं’ म्हणाला. वहिनी, तूच बघ बाई आता त्याच्याकडे.”

ती गेली. मी वर गेले. तो खिडकीपाशी त्याच्या खुर्चीत होता.

“टाकीच्या पुढचा रस्ता फार सुंदर आहे,” मी म्हटलं.

त्याने खुर्चीच्या हातावरची चादर नीट केली.

“गेली होतीस तू?”

“हो. केसाने गळा कापलास रे माझा.”

“मी कुठे जातो?” तो हळूच म्हणाला. “रोज तुझ्यासमोर तर असतो.”

“हे उत्तर नाही.”

“नाही,” तो म्हणाला. मग उठला, माझ्याकडे न बघता. “दमली असशील. चहा टाकतो.”

तो आत गेला. मी उभीच होते. मला ओरडायचं होतं, त्याला हाताला धरून ओढत तिकडे न्यायचं होतं, आणि त्याच वेळी त्याने आतून येऊन सगळं खोटं आहे असं सांगावं, असंही वाटत होतं.

खिडकीपाशीच्या आमच्या दोन खुर्च्या आम्ही लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात केल्या होत्या. एकाच फळीतून, एकाच दिवशी. त्यांना पॉलिश करायचं कायम राहूनच गेलं. माझी खुर्ची हातांच्या घामाने आणि तेलाने काळपट, तुळतुळीत झाली आहे. डाव्या हाताला खोबण पडली आहे. त्याच्या खुर्चीवर नेहमी एक जाड चादर टाकलेली असते, हातांसकट. घरातली खुर्ची कोण वाचायला जातं?

मी चादर काढली.

लाकूड पिवळं होतं. कडा हाताला टोचत होत्या. मी सवयीने सरळ पट्टी ठेवली. खाली फट नव्हती. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, खाली पायांच्या पट्टीवरही नाही. या खुर्चीवर कुणी बसलेलंच नव्हतं.

डाव्या हातावर, बरोबर तळवा टेकतो तिथे, सांधा जुळवताना केलेली पेन्सिलची फुली होती. मी तिच्यावर बोट फिरवलं. बोटाला शिसं लागलं.

आतून त्याचा आवाज आला. नेहमीचाच, शांत, जरासा संकोचलेला.

“तू साखर घेतेस का चहात?”