शेवंतीचा हार

नवा कॅनव्हास घ्यायचा म्हटलं की माझा हात आखडतो. मी अमरावतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. जुन्या चित्रावर पांढरा प्रायमर मारून वर आपलं चित्र काढण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात लीलाबाईंकडे असाच एक मोठा कॅनव्हास मिळाला. त्यांचे यजमान मेलेल्या माणसांची तैलचित्रं काढत. फोटोवरून चेहरा, आणि गळ्यात रंगवलेला हार, म्हणजे घरच्यांना रोज ताजा आणायची कटकट नको. या चित्रातल्या मिशीवाल्या गृहस्थाच्या गळ्यात टपोऱ्या, पूर्ण उमललेल्या शेवंतीचा हार होता.

"हे घरच्यायनं नेलं नाही?" मी विचारलं.

"कसे नेतीन? रुळावर मेलेला सापडला तो दुसराच निघाला. हा तं महिन्याभरानं पायी चालत घरी आला." लीलाबाईंनी चित्राकडे पाठ केली. "घेऊन जा बाई. मले घरात ठेवू वाटत नाही."

मी हसले. मेलेला माणूस परत आला, याहून चांगला शकुन कोणता!

माझी माय, पार्बताबाई, माझ्याजवळच असते. तिचा जन्म चांदूर रेल्वेजवळच्या मळ्यात फुलं तोडण्यात गेला. डोळे मिटून नुसत्या वासावरून ती सांगायची, फूल कळीत आहे की उमललंय. तिची एकच हौस राहिली होती.

"मेल्यावर फोटो मोठा करून लावशीन, तं मले काय दिसन त्यात? आताच काढ माहं चित्र."

चैत्रात मी मिशीवाल्यावर प्रायमरचे हात मारले आणि मायला रंगवलं. चित्र झकास उतरलं. ती येता-जाता पाहायची आणि नाक मोठं काढलं म्हणून भांडायची.

वैशाखात चित्रातल्या मायच्या गळ्याभोवती पिवळे ठिपके उमटले. जुना तेलरंग पातळ पांढऱ्यातून वर डोकावतो, हे पोरांना मीच शिकवते. पॉलिश पेपरने घासले, पुन्हा रंग दिला. ठिपके परत आले. या वेळी त्या कळ्या होत्या. पण अकोल्याला मी पाहिलेल्या हारात एकही कळी नव्हती.

त्याच सुमारास मायचं जेवण तुटलं. डॉक्टरांना काही सापडेना. वय झालं, म्हणाले. मी सकाळी घासायचे आणि संध्याकाळी पाकळ्या आणखी थोड्या उघडलेल्या दिसायच्या. योगायोग, योगायोग, असं स्वतःला बजावत होते.

एका दुपारी तिला पाणी पाजायला उठवून बसवलं. ती चित्राकडे टक लावून पाहत राहिली.

"तोडाले आली शेवंती," माय म्हणाली. "उद्या तोडा लागन, गीता."

कॅनव्हास जाळता आला असता. काडेपेटी हातात घेतलीही होती. पण त्यावर मायचा चेहरा होता, आणि तो जाळायला हात धजेना.

मी सुरीने तिचा चेहरा खरवडला. तिथे आरशात पाहून माझा काढला. नाक तेवढं तिचंच आलं.

हाराला हात लावला नाही.

दिवेलागणीला मायने भाकर मागितली. दुसऱ्या दिवशी ठेचा नाही म्हणून कुरकुरली. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

चित्र मी भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. उलटून पाहत नाही.

काल माय माझ्या डोक्याला तेल लावत बसली होती. मानेशी तिचा हात थांबला.

"गीता, शेवंतीचा वास काहून येऊन राहिला? हंगाम तं नाही."



तिने माझ्या गळ्यावरून बोट फिरवलं. नाकाशी नेलं. मळ्यात हुंगायची तसं, डोळे मिटून हुंगलं.

"कळ्याच हायेत अजून," ती म्हणाली, आणि पुन्हा तेल चोळू लागली.