अक्काचे हात

फोटोग्राफीच्या वर्गातल्या पडद्यावर अक्काचे हात उमटले आणि नगरकर सर म्हणाले, "सुरेख. नवशिक्याला इतका मऊ उजेड सहसा साधत नाही."

हेमांगी कोष्टी पडद्याकडे बघतच राहिली. फोटो तिचाच होता. सरांनी शिकवल्याप्रमाणे तिने थोरल्या बहिणीला खिडकीशी बसवलं होतं आणि उजेड मुद्दाम बाजूने घेतला होता, कातडीचा खडबडीतपणा उठून दिसावा म्हणून. अक्का इचलकरंजीत कापड रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिथल्या नव्या रसायनाने तिचे तळवे सोलून निघाले होते, दोन बोटांची नखं गळाली होती. पडद्यावरच्या बोटांना मात्र सगळी नखं होती, गुलाबी आणि तुकतुकीत.

"सर, हे माझ्या बहिणीचे हात नाहीत."

"सुशोभकाने जरा नीटनेटकं केलं असेल."

सुशोभक ही चिप आता प्रत्येक कॅमेऱ्यात असे; ती चालू असल्याची खूण म्हणून कडेला एक हिरवा ठिपका लुकलुके. भिंगातून आलेलं चित्र साठवण्याआधीच ती ते लाखो देखण्या फोटोंशी ताडून बघे आणि तिला जे बिघडलेलं वाटेल ते दुरुस्त करून टाके.

"ती बंद कशी करायची?"

"बंद होत नाही. आणि करायची कशाला? लोकांना चांगलंच बघायचं असतं."

"मग उजेड, कोन, अंतर हे सगळं आम्हाला शिकवता कशासाठी?"

सर नुसते हसले. हेमांगीच्या मस्तकात तिडीक गेली. कारखान्याच्या डॉक्टरने 'घरकामामुळे ॲलर्जी' असं लिहून हात झटकले होते. तक्रारीला फोटो हवा, तो स्पष्ट यावा, एवढ्यासाठी ती या वर्गाला आली होती. ती तडक उठून बाहेर पडली.

घरी तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आतून काळा रंगवला, त्याला सुईने भोक पाडलं आणि बंद पडलेल्या एका स्टुडिओतून मिळालेला जुना फोटोचा कागद आत बसवला. झाला कॅमेरा: चिप नाही, भिंगही नाही. पहिले कागद जास्त उजेडाने नुसतेच काळे पडले. मग अक्काचे हात हलल्यामुळे चित्र फिसकटलं.

"किती वेळ धरू गं? ठणकायलंय."

"जरा दम धर, अक्का."

अखेर एक चित्र उमटलं. करडं, धूसर, पण सोललेली कातडी दिसत होती. हेमांगीला आनंद झाला नाही. एवढ्यासाठी एवढं करावं लागतं, याचाच संताप आला.

कामगार अधिकाऱ्याने ते चित्र बाजूला सारलं. "यावर प्रमाणित कॅमेऱ्याची मोहोर नाही. असं कुणीही बनवेल."

तिने वर्गातला फोटो पुढे केला. "यावर आहे."

"यात तर हात ठणठणीत आहेत."

"म्हणजे खोटा चालतो आणि खरा चालत नाही."

शेजारच्या खुर्चीवरून अक्का उठली. तिने दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवले. "फोटो राहू द्या, साहेब. हात बघा."

तो वाकून बराच वेळ बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, नुसता गोंधळ होता. "बाई, तुमच्या हातांना काहीच झालेलं नाही."

हेमांगी ओरडणारच होती. तेवढ्यात त्याच्या चष्म्याच्या कडेला लुकलुकणारा हिरवा ठिपका तिला दिसला. सुशोभकाची खूण. आता तो चष्म्यातही आला होता.

"चष्मा काढा," ती म्हणाली. "यातही तीच चिप आहे. काढा आणि मग बोला."

त्याचा हात चष्म्याच्या काडीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. अक्काने तळवे हलवले नाहीत. आतापर्यंत त्याला दिसत नव्हतं, हे खरंच. पण आता, कळल्यावर, त्याला बघायचं होतं का?