चौथ्या मुलीचे गुडघे

"काय गं, तुझे गुडघे दुखत नाहीत का?"

मेरेलने हे विचारलं ते एका चित्राला. याना आणि फेन या तिच्या मैत्रिणींनी पैजच लावली होती तशी.

हसू नका. हे खरंच घडलंय. बेल्जियममधल्या ब्रूज शहरात, गेल्या जानेवारीतल्या एका गुरुवारी, दुपारी साडेचारला. संग्रहालय बंद व्हायला अर्धा तास होता.

मेरेल सोळा वर्षांची. वर्षापूर्वी वर्गात तोंड न उघडणारी ही पोरगी वादविवादात पहिली आली, आणि मग काय, भीती म्हणून उरलीच नाही. शिवाय ते दालन तिच्या घरचंच. तिची आई, ग्रीत, तिथे पहारेकरी होती.

चित्र लाकडी फळीवरचं, पाचशे वर्षांपूर्वीचं. मधे बाळाला घेतलेली मरियामाता. उजव्या कडेला, ज्याने हे चित्र काढवून घेतलं त्या व्यापाऱ्याची बायको आणि तिच्या चार मुली. सगळ्या हात जोडून, गवतावर गुडघे टेकून. तिघींच्या डोक्यावर बारीक लाल क्रूस. म्हणजे चित्र रंगवलं तेव्हा त्या वारलेल्या होत्या.

चौथीच्या, धाकटीच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

मेरेलने विचारलं ते तिलाच.

"जोरात विचार की!" फेन खिदळली. "पाचशे वर्षांची म्हातारी ती, कान गेले असतील."

तेवढ्यात...

खट्.

दगडी फरशीवर हाड आपटावं तसा आवाज.

मेरेलने मागे पाहिलं. दाराशी आईची खुर्ची रिकामी होती.

आई जमिनीवर होती. गुडघ्यांवर. हात जोडलेले. पापणीसुद्धा लवत नव्हती.

"काकू?" यानाचा आवाज चिरकला.

मेरेलने पुन्हा चित्राकडे पाहिलं.

मुली तीनच होत्या...

चौथीच्या जागी नुसतं गवत. दबलेलं.

मग दालनातला रिकामा बाक करकरला. कोणीतरी टेकल्यासारखा. आणि एक लांब श्वास... दिवसभर राबून घरी आलेलं माणूस सोडतं तसा.

याना आणि फेन पळाल्या. मेरेल आईचे खांदे हलवत राहिली, पण आई जागची हलेना.

पाचची घंटा झाली, तशी ती आपणहून उठली. चित्रात चौथी जागेवर होती.

घरी आईने पँट वर केली. दोन्ही गुडघे काळेनिळे. जुन्या डागांवर नवे डाग.

"कधीपासून चाललंय हे?" मेरेलने विचारलं.

"नाताळपासून. आधी पाचच मिनिटं असायचं."

"आणि आज अर्धा तास! अगं, दालन बदलून माग ना!"

"मागितलं होतं गं. खालच्या दालनातही साडेचारला गुडघ्यांवर कोसळले." आईने डोळे मिटले. "आम्हा पहारेकऱ्यांत कसं, बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. त्या चौथीच्या बहिणी सुटल्या. ही वारल्यावर हिचा क्रूस रंगवायला मात्र कोणी परत आलंच नाही. दमली असेल ती."

"आणि तू?" बाबांनी सुपाचा वाडगा आदळला. "डॉक्टर काय म्हणाले? असंच चाललं तर मार्च उजाडेपर्यंत तुझं चालणंच बंद होईल. पाचशे वर्षांच्या पोरीची कीव येते, स्वतःची येत नाही?"

"मी कुठे मुद्दाम करते, वाउटर..." एवढं बोलायलाही तिला त्रास होत होता.

मेरेलचं सूप तसंच गार झालं. तो श्वास अजून कानात होता. पण आईचे ते गुडघे समोर होते.

"आई, बाबा, ऐका. माझं ठरलंय," ती म्हणाली. "उद्यापासून शाळा सुटली की मी थेट दालनात येणार. साडेचारच्या आधी तिच्यासमोर गुडघे मी टेकणार. आई, तू खुर्चीतून उठायचं नाहीस."